टॅलॉसला गुळगुळीत करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एआय वापरून जुने सिनेमे 'सुधारून' देतात त्यावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला आणि राहवलंच नाही. त्याच्या आदल्याच दिवशी भाच्याने मोबाईलवर १९६३ च्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मधली सांगाड्यांची लढाई दाखवली होती, कोणीतरी सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेम्स, म्हणजे दोन चित्रांमधली नवी चित्रं, भरून एकदम स्मूथ केलेली, आणि म्हणतो मामा बघ आता कशी खरी वाटते. मला तर सगळे सांगाडे पाण्यात तरंगताहेत असं वाटलं, तलवारीचा घाव जिथे खाडकन बसायचा तो क्षणच गेला.

हे काम रे हॅरीहाउसेनचं, बाहुल्या हलवून पडद्यावर राक्षस जिवंत करणारा कलाकार. सात सांगाडे आणि समोर तीन नट, नटांचं शूटिंग आधी उरकलेलं, मग ती फिल्म एकेक फ्रेम मागच्या पडद्यावर टाकायची आणि पुढे वीतभर उंचीच्या बाहुल्यांचे हातपाय, मान, ढाल केसभर हलवून एक फोटो, परत हलवायचं, परत एक फोटो. पडद्यावरच्या काही मिनिटांसाठी या माणसाचे चार महिन्यांहून जास्त गेले. फोटो घेताना बाहुली स्थिर असते म्हणून ती कधी पुसट येत नाही, खऱ्या माणसाचा वेगात फिरणारा हात पुसट येतो, आणि त्या फरकामुळेच बाहुलीच्या चालीत तो झटका दिसतो. लोक त्याला दोष म्हणतात, पण मेलेली हाडं उठून चालायला लागली तर ती आपल्यासारखी चालतील का?

त्याच सिनेमातला टॅलॉस घ्या, ब्राँझचा अवाढव्य पुतळा. तो ताठ आणि अडखळत चालतो कारण हॅरीहाउसेनने तो मुद्दाम तसा चालवलाय, धातूचं अंग आहे ते! आता सॉफ्टवेअरला हे कोण सांगणार? त्याला फक्त झटका दिसतो आणि तो ते पुसून टाकतं. १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये काँग या अजस्र वानराच्या बाहुलीची लव सारखी थरथरते, ती बाहुली हलवणाऱ्यांच्या बोटांनी विस्कटलेली. उद्या तीही बसवून टाकतील, म्हणजे त्या बोटांची एकुलती एक खूण गेली.

काहीजण म्हणतील की हॅरीहाउसेनने स्वतःच आपल्या '२० मिलियन माइल्स टू अर्थ' या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमाला रंग द्यायला पाठिंबा दिला होता. बरोबर आहे, पण तेव्हा तो हयात होता, त्याची चीज त्याने ठरवली. २०१३ ला तो गेला, आता त्याच्या वतीने कोण ठरवणार? आणि धूळ, ओरखडे काढा, उडालेले रंग परत आणा, त्याला माझा अजिबात विरोध नाही, ती डागडुजी झाली. हालचाल बदलणं म्हणजे नटाचा अभिनय बदलण्यासारखं आहे. बदललेली प्रत आली की मूळ हळूहळू मिळेनाशी होते ही भीतीही खरी आहे, 'स्टार वॉर्स'चं १९९७ ला तेच झालं, मूळ आवृत्ती चांगल्या प्रिंटमध्ये बघायला चाहते वर्षानुवर्षं ताटकळले.

मी नाशिकचा, म्हणून हे जास्त लागतं. आमच्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास काड्यापेटीतल्या काड्या अशाच एकेक फ्रेमने हलवून 'आगकाड्यांची मौज' केली होती. ती आज बघायला मिळत नाही. मिळाली असती तर मला त्या काड्या अडखळतानाच बघायच्या होत्या, फाळक्यांनी हलवल्या तशाच.

तर हे सिनेमे दाखवणाऱ्यांनी मूळ प्रत आधी द्यावी आणि फेरफार केलेली असेल तर सुरुवातीलाच मोठ्या अक्षरात तसं सांगावं. आणि आपल्या पेपरलाही एक विनंती, पुढच्या वेळी 'सुधारलेला' असं न छापता 'बदललेला' असं छापा.

आपला,
एक वाचक, नाशिक