‘पाय घसरला’ म्हणून विषय संपवू नका

महोदय,

घरातले वयस्क माणूस पडले की एकच कारण सांगितले जाते, ‘पाय घसरला’. फरशी पुसली जाते, हाड शाबूत असले की विषय मिटतो. पासष्टीपुढच्या साधारण तिघांपैकी एक जण वर्षातून एकदा तरी पडतो आणि एकदा पडलेल्याला पुन्हा पडण्याचा धोका दुप्पट असतो. म्हणजे इजा न होता पडणे ही तपासणीची उत्तम वेळ. नेमके तेच लपवले जाते, कारण घरच्यांना कळले तर बाहेर जाणे बंद होईल ही धास्ती. दुर्दैवाने ती बहुधा खरीही ठरते. मग हालचाल कमी, पायांतली ताकद कमी, आणि तोल आणखी कच्चा.

पहिला प्रश्न विचारावा तो ‘कुठे पडलात’ हा नव्हे, ‘त्याआधी काय करत होतात’ हा. उत्तर ‘अंथरुणातून उठलो’ असे आले तर फरशीचा दोष नाही, रक्तदाब पाहावा. पाच मिनिटे आडवे झोपवून मोजावा, मग उभे करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांकडे जायचे, सगळ्या गोळ्या पिशवीत घालून. झोपेच्या, रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या, नैराश्याच्या गोळ्या आणि गुंगी आणणारी सर्दीची औषधे हे नेहमीचे संशयित. मनाने मात्र एकही बंद करू नये. झोपेची गोळी एकदम सोडल्याने वेगळाच त्रास होतो. तोवर उठताना पलंगाच्या काठावर मिनिटभर बसावे, पावले वरखाली हलवावीत, मग उभे राहावे.

पायांची परीक्षा घरीच होते. खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे असे समजावे. ‘मी रोज फिरतो की’ हे उत्तर इथे पुरत नाही. नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही, त्याला वेगळा सराव लागतो: हात न टेकता खुर्चीतून उठबस, ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून दहा सेकंद उभे राहणे. आठवड्यातून तीनदा, अर्धा तास, हळूहळू अवघड करत. सोडला की काही महिन्यांत फायदा ओसरतो.

आता बाथरूम. टॉवेलचा दांडा आधार म्हणून धरला जातो आणि भिंतीतून उपटून हातात येतो. तो टॉवेलसाठीच असतो. रबरी चोषकाने टाइलला चिकटणारी हँडलही पूर्वसूचना न देता सुटतात. आधाराची पक्की दांडी 32 ते 38 मिमी जाडीची असावी आणि स्क्रू टाइलमध्ये नव्हे, मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये बसले पाहिजेत. भिंतीपासून साधारण 4 सेंमी अंतर ठेवावे. जास्त सोडले तर घसरताना हात आत अडकतो. बसवल्यावर धडधाकट माणसाने पूर्ण वजन टाकून ओढून पाहावे. रात्री पलंगापासून कमोडपर्यंतच्या वाटेवर दिवा हवा आणि त्या वाटेवरचे सैल पायपुसणे काढून टाकावे.

काठीची उंचीही बहुतेकांची चुकलेली असते. नेहमीचे जोडे घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हे सांगितले की लोकांना खरे वाटत नाही. टोकाच्या रबराच्या कडा झिजल्या की रबर बदलावे. जिना उतरताना जवळ-दूरचा एकत्र चष्मा पायऱ्यांच्या कडा अंधुक करतो, त्यामुळे बाहेर आणि जिन्यावर फक्त दूरचा वापरणे बरे.

पडलेल्याला लगेच ओढून उठवू नये. खुबा दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल तर काही दुखत नसले तरी त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर दवाखाना गाठावा.

घराबाहेरचे काम मात्र प्रशासनाचे. सिग्नलची पादचारी वेळ साधारण सेकंदाला 1.2 मीटर चालीवर बेतलेली असते. कित्येक वृद्धांची चाल 0.8 मीटरच्या आसपास असते. 12 मीटर रुंद रस्ता ओलांडायला त्यांना 15 सेकंद लागतात, मिळतात 10. ही पाच सेकंदे वाढवायला खोदकाम करावे लागत नाही.

– एक फिजिओथेरपिस्ट