डाव्या टॉवरने बिघडवलेली कॉन्सर्ट: भरपाईसाठी तक्रार पत्र

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
कार्यक्रम आयोजक कंपनी

विषय: कॉन्सर्टमधील सदोष ध्वनिव्यवस्था, प्रवेशाच्या वेळचा गोंधळ आणि माझ्या तक्रारीला आपण दिलेले उत्तर.

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

माझ्या तक्रारीवर आपल्या कार्यालयाचे उत्तर आले. मोकळ्या मैदानात वारा आणि हवामान यांमुळे आवाजात थोडाफार फरक पडतोच, आणि कॉन्सर्टचा आवाज कसा वाटला हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे, एवढेच त्यात म्हटले आहे. हे उत्तर मला मान्य नाही. त्या रात्री मैदानाच्या डाव्या बाजूला, मागच्या भागात उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना जे ऐकावे लागले त्याचा आवडीनिवडीशी काही संबंध नाही. तो व्यवस्थेतला दोष होता, तो मोजून दाखवता येतो आणि कार्यक्रम सुरू असतानाच तो दूर करता आला असता. म्हणून हे सविस्तर पत्र.

बँडबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. शाळेत असल्यापासून मी त्यांची गाणी ऐकत आले आहे, आणि त्यांना समोर वाजवताना पाहायची इच्छा तेव्हापासूनची. त्या रात्री चौघेही जीव ओतून वाजवत होते. जुन्या अल्बममधली सहसा न वाजवली जाणारी गाणी त्यांनी घेतली, एका गाण्याचा शेवट लांबवून गिटारवर असा काही फुलवला की पुढच्या रांगांतून आलेली आरोळी आमच्यापर्यंत पोहोचली. राग याचाच आहे. स्टेजवर इतके चांगले काही घडत होते आणि आमच्या बाजूला ते मोडक्या अवस्थेत येत होते.

आपण मैदानाच्या मध्यावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन डिले टॉवर, म्हणजे मागच्या प्रेक्षकांसाठी स्पीकर लावलेले खांब, उभारले होते. आपल्याच नकाशाप्रमाणे ते स्टेजपासून सुमारे ८० मीटरवर होते. हवेचे तापमान २० अंश सेल्सिअस असताना आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे स्टेजवरच्या मुख्य स्पीकरचा आवाज टॉवरपाशी यायला ०.२३ सेकंद लागतात. टॉवरला जाणारा सिग्नल मात्र तारेतून जवळजवळ त्याच क्षणी पोहोचतो. म्हणून तो तेवढाच वेळ, किंबहुना दहा-वीस मिलिसेकंद जास्त, रोखून मग सोडायचा असतो. तसे केले की दोन्ही आवाज एकजीव होतात, आणि स्टेजकडून येणारा आवाज आधी कानावर पडत असल्यामुळे सगळे संगीत स्टेजवरूनच येते आहे असे वाटते. आधी पोहोचणाऱ्या आवाजाच्या या परिणामावरचा ध्वनिसंशोधक हेल्मुट हास यांचा निबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला. यात नवीन काही नाही, मोठ्या मैदानात काम करणाऱ्या प्रत्येक साउंडवाल्याला हे पाठ असते.

उजव्या टॉवरला हे केलेले होते. डाव्या टॉवरला केलेले नव्हते.

परिणाम असा की स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) प्रत्येक ठोका आम्हाला दोनदा ऐकू येत होता: एकदा डोक्यावरच्या टॉवरमधून, आणि पाव सेकंदाच्या आत पुन्हा एकदा स्टेजकडून. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्ध्या सेकंदाचे अंतर असते. म्हणजे हा उपरा ठोका जवळजवळ बरोबर मधोमध येऊन पडत होता, जणू दुसराच कोणी ड्रमर मध्ये घुसून वाजवतो आहे. टाळ्या धरणारी माणसे गोंधळून थांबत होती. संथ गाण्यात, जिथे फक्त एक गिटार आणि गायकाचा आवाज आहे, तिथे शब्दाचा शेवट पुढच्या शब्दावर चढत होता. डोळे स्टेजकडे आणि आवाज बाजूच्या खांबावरून, असे दोन तास.

एका जागेबद्दल मला वेगळे सांगायचे आहे. या बँडच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर सगळी वाद्ये एकदम थांबतात. अगदी पूर्ण शांतता. मग ड्रमरचा एकच ठोका आणि त्यावर सगळा बँड पुन्हा कोसळतो. ज्यांना हे गाणे माहीत आहे ते सगळे त्या शांततेची वाट बघत असतात. हजारो माणसे एकाच वेळी श्वास रोखून धरतात, आणि घरी हेडफोन लावून हे कधीच अनुभवता येत नाही. कॉन्सर्टला जायचे ते अशा क्षणांसाठी. त्या रात्री बँड थांबला, टॉवर गप्प झाला, आणि त्यानंतर स्टेजकडून मागे राहिलेला ठोका आणि गिटारचा तुकडा आमच्यावर येऊन आदळला. शांतता झालीच नाही. माझ्या शेजारी उभा असलेला मुलगा हात वर करून तयार होता. त्याने हात खाली घेतले आणि टॉवरकडे बघत राहिला.

आता आपल्या हवामानाच्या मुद्द्याविषयी. तापमान एका अंशाने बदलले की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने बदलतो. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत हवा दहा अंशांनी थंड झाली असे धरले तरी ८० मीटरच्या अंतरात फरक पडतो तो चार मिलिसेकंदांचा. वाऱ्याचा हिशेबही असाच काही मिलिसेकंदांवर थांबतो. इथे चूक होती दोनशेहून अधिक मिलिसेकंदांची. शिवाय वारा आणि थंडी दोन्ही टॉवरना सारखीच होती. मी मध्येच गर्दीतून वाट काढत उजवीकडे जाऊन ऐकले, तर तिथे आवाज स्वच्छ, एकसंध, ड्रमचा ठोका छातीत बसणारा. म्हणजे यंत्रणा चांगली होती, वाजवणारे चांगले होते, फक्त एका टॉवरची वेळ कोणी लावली नव्हती किंवा लावलेली पुसली गेली होती. फोनवर केलेले रेकॉर्डिंग मी संगणकावर उघडून पाहिले. डावीकडच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक ठोक्याचे दोन उंचवटे वेगवेगळे दिसतात, उजवीकडच्यात एकच. दोन्ही फाइल सोबत जोडल्या आहेत. आपल्या ध्वनितंत्रज्ञांना त्या जरूर दाखवा.

मिक्सिंग डेस्क, म्हणजे जिथून सगळा आवाज नियंत्रित होतो ती जागा, टॉवरच्या बराच पुढे, स्टेजच्या बाजूला होता. तिथे बसलेल्या माणसाला हा दोष ऐकू येणे कठीण, हे मी समजू शकते. म्हणूनच तर कोणीतरी मैदानभर फिरून ऐकायचे असते. ते झाले नाही. डाव्या बाजूच्या व्हॉलंटियरला आम्ही काही जणांनी सांगितले. त्याने मन लावून ऐकून घेतले, आमच्यासमोर वॉकी-टॉकीवर निरोपही दिला. त्या मुलाला कृपया कोणी बोल लावू नये. निरोप वर पोहोचल्यावर पुढे काय झाले, एवढेच मला आपल्याकडून हवे आहे. कारण थोड्या वेळाने बदल झाला तो उलटाच: डाव्या टॉवरचा आवाज वाढवला गेला. दोष तसाच, फक्त जास्त मोठ्याने. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझे कान वाजत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केले आहे: आवाजाची सरासरी पातळी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, ती सतत मोजली जावी आणि प्रेक्षकांना इअरप्लग मिळावेत. आपल्याकडे इअरप्लग मागितले तर मदतकक्षात कोणाला त्याची माहितीसुद्धा नव्हती.

प्रवेशाबद्दल थोडक्यात लिहिते, पण ते कमी महत्त्वाचे आहे म्हणून नव्हे. आमच्या बाजूची बहुतेक गेट बंद होती आणि सगळी रांग एका अरुंद वाटेतून सोडली जात होती. आम्ही बाहेर असतानाच पहिले गाणे सुरू झाले. ते ऐकताच मागून रेटारेटी झाली, आणि काही क्षण माझे पाय माझ्या ताब्यात नव्हते. ३ डिसेंबर १९७९ रोजी सिनसिनाटीमध्ये 'द हू' या बँडच्या कार्यक्रमाआधी दारांवर झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. राखीव जागा नसलेली गर्दी, मोजकीच उघडी दारे, आतून आलेला आवाज आणि कार्यक्रम सुरू झाला या समजुतीने पुढे सरकलेली माणसे, अशी ती परिस्थिती होती. आपल्या गेटवर त्या रात्री यातले सगळे हजर होते. रांग बाहेर असताना स्टेजला दहा मिनिटे थांबायला सांगणे कोणालाच जड गेले नसते.

तिकीट विकताना आपण आमच्या भागाला "संपूर्ण ध्वनी-अनुभव" असे म्हटले होते. ती जाहिरातही सोबत आहे. त्यामुळे मैदानाच्या डाव्या मागच्या भागातल्या सर्व तिकीटधारकांना तिकिटाच्या रकमेचा निम्मा भाग परत द्यावा, अशी माझी मागणी आहे. पुढच्या कार्यक्रमाचे सवलतीचे कूपन मला नको. दोष कशामुळे झाला आणि आमचा निरोप कुठे अडला याचे लेखी उत्तर ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या प्रमुखाच्या सहीने मिळावे. यापुढे कार्यक्रमाआधी आणि पहिल्या गाण्यादरम्यान प्रत्येक टॉवरखाली प्रत्यक्ष उभे राहून ऐकायला एक तंत्रज्ञ नेमावा, आणि बाहेर रांग असेपर्यंत बँडला स्टेजवर बोलावू नये, असे आपल्या नियमांत लिहून घ्यावे.

या पत्राची प्रत बँडच्या व्यवस्थापनालाही पाठवते आहे, कारण त्यांच्या वाजवण्याचे आमच्या बाजूला काय झाले हे त्यांना कळायला हवे. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे रीतसर अर्ज करीन.

कळावे,

आपली,
एक तिकीटधारक

सोबत: तिकिटाची प्रत, डावीकडचे व उजवीकडचे रेकॉर्डिंग, बैठक नकाशा, जाहिरातीचा फोटो, आपल्या उत्तराची प्रत.