ग्लव्ह उलटा आहे

नागपूर, १२ मे

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून तुझे चार फोन येऊन गेले आणि मी एकदाही उलटून फोन केला नाही. कारण विचारू नको, खोटंच सांगीन. आजही फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मधेच हसशील आणि सांगायचं ते राहून जाईल. तब्येती ठीक. आईचा बीपी गोळीवर, माझी कंबर पट्ट्यावर, बाकी ४५ डिग्री आणि कूलरची घरघर. झालं.

चिऊ बेसबॉल शिकून राहिली आहे. हस. हसून झालं की पुढे वाच.

सुट्टीचं शिबिर आहे, सकाळी सहा ते साडेसात. त्यानंतर या गावात मैदानावर कावळाही उतरत नाही. पहिल्या दिवसाची तयारी आदल्या रात्रीपासून. दोन लिटरची पाण्याची बाटली, टोपी, वेगळ्या बाटलीत पन्हं, आणि आईनं गुपचूप बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवलेला कांदा. आपल्याही खिशात असायचा, आठवतं? तुझा तू मधल्या सुट्टीत चिवड्यात चिरून खायचास. बुटाला खालून रबरी खिळे चालतील, लोखंडी नाही, असं तिथल्या सरांनी बजावलं होतं, त्यासाठी मी तीन दुकानं पालथी घातली. बॉलवर १०८ टाके असतात हे चिऊनं आजीला सांगितलं आणि चूक केली. आता आई त्या बॉलला पाय लागू देत नाही. सोफ्याखाली गेला तर हातानंच काढायचा.

पण हे सगळं सांगायला पत्र लिहीत नाही आहे.

ग्लव्ह घ्यायला सीताबर्डीत गेलो. चिऊ डावरी आहे, माझ्यावर गेली. दुकानदाराला म्हटलं, लेफ्ट हँडचा द्या. त्यानं दिला. वरच्या फळीवरून काढला, धूळ झटकली, पिशवीत घातला. मीही पैसे देऊन निघालो, कारण गाडी नो पार्किंगमध्ये होती. अबे, डाव्या हातात घालायचा ग्लव्ह म्हणजे उजव्यानं फेकणाऱ्याचा! डावऱ्याला पाहिजे उजव्या हातात घालायचा. हे या शहरात कोणाला पाठ असायला पाहिजे होतं तर मला. रात्री तेल लावून, आत बॉल ठेवून, सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून तो गादीखाली ठेवला (खोबरेल नाही लावलं, आपल्या वेळच्या मुंग्या लक्षात आहेत), तरीही डोक्यात आलं नाही.

सकाळी पावणेसहाला चिऊनं तो हातात घातला, इकडून तिकडून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, हा उलटा आहे."

मी पाहिलं. एका क्षणात कळलं. पण घड्याळ, गाडीची किल्ली, दारात उभी ही, "झालं का तुमचं?" आणि मी काय म्हणालो माहीत आहे?

"असाच असतो. होते सवय."

दिल्या, हे वाक्य आपल्या शाळेतल्या सरांचं, ते तुला सांगायला नको. शिट्टी दातात धरून. आवाजसुद्धा तोच लागला बे माझा. हिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय, बदलून आणा." तिचं बरोबर आहे. म्हणून तर तुला लिहितोय.

त्या लोखंडी पेटीतले आठ ग्लव्ह आठव. आठही डाव्या हाताचे. मी डाव्यानंच झेलायचो, ग्लव्ह काढून काखेत मारायचो, मग त्याच हातानं फेकायचो. तू मला माकड म्हणायचास. आणि आंतरशालेय सेमीफायनलला मी ग्लव्ह काढेपर्यंत त्यांचा तो लंबू धावत होता, त्याच्याआधी बॉल पोचावा म्हणून तू फर्स्ट बेसवर हात पसरून किंचाळत होतास, आणि तो तुझ्या समोरून आरामात निघून गेला. महिनाभर बोलला नाहीस. मी तुझा सायकलचा पंप परत केला नाही. तो अजून माळ्यावर आहे, आणि अजूनही देणार नाही, कारण चूक माझी नव्हती. ग्लव्हची होती. तीस वर्षांपासून हेच सांगून राहिलो.

आता ऐक. परवा रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. बेब रूथ. बाल्टिमोरचा, १८९५ चा जन्म. लहानपणी सुधारशाळेत होता, तिथेच खेळ शिकला. पोरगा डावरा, आणि कॅचर म्हणून, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या मागे, खेळायला त्याला मिळायचे उजव्यांसाठीचेच ग्लव्ह! मी अंथरुणात उठून बसलो. म्हणजे मी माकड नव्हतो. निदान एकटा तरी नव्हतो. तुझी माफी लेखी पाहिजे.

असो. मुद्द्यावर येतो. ग्लव्ह बदलायला त्याच दिवशी संध्याकाळी गेलो होतो, दुसरा मिळाला नाही. अख्ख्या बर्डीत नाही. दुकानदार म्हणाला, मागवावा लागेल, कधी येईल सांगता येत नाही. तोपर्यंत आठ दिवस गेले. आणि आठ दिवसांत पोट्टी उजव्या हातानं फेकू लागली. कुरकुर नाही, काही नाही. फक्कीनं आखलेले ६० फूट, म्हणजे एका बेसपासून दुसऱ्यापर्यंतचं लहान पोरांचं अंतर, टप्पा न पडता पार करते. आपल्याला मोठ्यांचं ९० फुटांचं मैदान दिलं होतं, म्हणून तू कायम धापा टाकायचास, जाडेपणामुळे नाही, हे मी आज कबूल करतो.

सरांना भेटलो. चांगले आहेत, तरुण आहेत, शिट्टी वाजवत नाहीत. ते म्हणाले, "उजव्यानं बरी फेकते की, कशाला बदलता? डाव्यानं फेकली तर सेकंड, थर्ड किंवा त्यांच्या मधल्या शॉर्टस्टॉपला उभी नाही करता येणार." बरोबर आहे त्यांचं. तिथून बॉल फर्स्टला फेकायचा तर डावऱ्याला आधी अख्खं अंग फिरवावं लागतं. पण पिचर, म्हणजे बॉल टाकणारा? डावरा पिचर उभा राहिला की फर्स्ट बेस त्याच्या थेट नजरेसमोर. आणि डाव्या बाजूनं बॅटिंग करणारा फर्स्ट बेसच्या एक-दोन पावलं जवळ असतो, ते फुकटचे. मी हे सगळं सरांना ऐकवलं. ते हसले. म्हणाले, "सर, पोरगी दहा वर्षांची आहे."

आता मला कळत नाही. मी तिच्यासाठी भांडून राहिलो की त्या लंबूसाठी? ती उजव्यानं खेळली तर कोणाचं काय बिघडतं? जेवायला तर आईनं तिला उजवाच हात शिकवला, मी तोंड उघडलं नाही. लिहिते डाव्यानं, दात डाव्यानं घासते, मला चापट डाव्यानं मारते. काल गच्चीवर तिला विचारलं, "खरं सांग, कोणत्या हातानं फेकावंसं वाटतं?"

म्हणाली, "ज्यात ग्लव्ह नसेल त्या."

मी खाली येऊन टाकीतलं पाणी बघत उभा राहिलो.

२०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये बेसबॉल परत येतोय म्हणे, पण मुलींना तिथे सॉफ्टबॉलच. हे चिऊला कोणी सांगायचं ते नंतर पाहू.

तुझं काय? नवीन ऑफिस जमलं का? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की तू अजून तिसरंच मत घेऊन राहिला? वहिनीला नमस्कार. ती माझ्यावर रागावली असेल तर बरोबरच आहे.

एक काम कर. पुण्यात नक्की मिळेल. ११ इंची ग्लव्ह, लहान पोरांचा, उजव्या हातात घालायचा. दुकानात लेफ्ट-राइट बोलूच नको. स्वतःच्या उजव्या हातात घालून बघ, अंगठा अंगठ्याच्या जागी गेला तर घे. पैसे सांग. कुरिअर करू नको, स्वतः घेऊन ये. तर्री पोहे माझ्याकडून.

तुझा,
डावऱ्या

ता. क. पंप मागायचा नाही.