बसब्रिजचा दगड

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दिल्लीचं इंडिया गेट उभारणाऱ्या वास्तुकार लटियन्सने खेड्यातल्या थडग्यांची कामंही केली का, असं तुम्ही विचारलं होतंत. केली. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात गोडाल्मिंगजवळच्या बसब्रिजच्या चर्चच्या आवारात जेकिल घराण्याचं स्मारक आहे, ते त्याचंच. १९३१ साली इंडिया गेटचं उद्घाटन झालं. पुढच्या वर्षी २९ सप्टेंबरला सर हर्बर्ट जेकिल गेले आणि ८ डिसेंबरला त्यांची बहीण गर्ट्रूड. लटियन्सने घरं बांधायची आणि हिने बागा आखायच्या, अशी ती जुनी जोडी. तिच्या नावाखाली तीनच शब्द आहेत: आर्टिस्ट, गार्डनर, क्राफ्ट्सवूमन. हर्बर्टच्या पत्नी अ‍ॅग्नेस गेल्या १९३७ साली.

घराण्याच्या दगडाची गोम हीच, की सगळी नावं एकदम कोरायची नसतात. म्हणून जाणता कारागीर पहिल्या नावाच्या वेळीच पुढच्या ओळी कागदावर आखतो, अक्षराची उंची आणि खोली टिपून ठेवतो. नाहीतर पुढचं नाव तळाशी कोंबावं लागतं. ते बहुधा दगड जागेवर असतानाच, गुडघे टेकून कोरतात. ताजी अक्षरं काही वर्षं पांढरीफटक दिसतात. दिसू द्यावीत, पाऊस त्यांना जुन्यांत मिसळवतो.

अक्षर आधी पेन्सिलीने किंवा सपाट ब्रशने दगडावरच लिहितात. अंतर पट्टीने मोजून चालत नाही. एलशेजारी ए आला की मध्ये खड्डा पडतो, तो नजरेनेच भरायचा. मग टंगस्टनच्या टोकाची छिन्नी आणि डमी नावाचा गोल, आखूड हातोडा घेऊन मधल्या रेषेपासून दोन्हीकडे उतार देत व्हीसारखी खाच पाडायची. एका उतारावर ऊन, दुसऱ्यावर सावली, म्हणून रंग न भरताही नाव वाचता येतं. उत्तरेकडे तोंड केलेल्या दगडाला हा फायदा मिळत नाही. उथळ खाच शेवाळाने बुजते.

दगड निवडताना खरी परीक्षा. वेल्सच्या स्लेटवर दोनशे वर्षांनीही अक्षरांच्या कडा धारदार राहतात. पोर्टलंडचा चुनखडी दगड देखणा, पण पावसात कडा हळूहळू विरघळतात. वालुकाश्म थरांचा बनलेला असतो. त्याचा थर दर्शनी बाजूला ठेवला तर थरांमध्ये पाणी शिरतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि नावासकट अख्खा पापुद्रा सुटतो. आपल्या काळ्या पाषाणाला असे थर नसतात, त्यामुळे आपल्या पाथरवटाला ही धास्ती नाही.

बसवण्याची घाई मात्र नडते. दफनानंतर माती बसायला साधारण सहा महिने द्यावे लागतात, नाहीतर दगड कलतो. जोडाला स्टेनलेस स्टीलच्या सळ्या वापराव्यात, कारण लोखंड गंजून फुगतं आणि दगड फोडतं. सांध्यात चुना भरावा. सिमेंट पाणी आत कोंडून ठेवतं.

परवानगी चर्चच्या पाद्रीकडून मिळते, पण धर्मप्रांताच्या नियमांत बसेल तेवढीच. चकचकीत ग्रॅनाइट बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि मला ते पटतं. नियमाबाहेरच्या दगडासाठी चर्चच्या न्यायालयाचा हुकूम लागतो. एवढं करून जमीन चर्चची, दगड घराण्याचा: कलला तर सरळ करण्याचा खर्च वारसांच्या माथी. साफ करायचाच तर मऊ ब्रश आणि साधं पाणी. तारेचा ब्रश आणि ब्लीच यांनी जेवढी अक्षरं जातात तेवढी पावसानेही जात नसतील.

तुमची,
लेक