आई, तुझ्या आजीचं नाव काय होतं?

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहायलाच बसले. बाबा, मोबाईलवर अक्षर मोठं करून घ्या आणि आईला वाचून दाखवा, चष्म्याचा नंबर बदललाय ना तिचा.

तर मागच्या आठवड्यात जावयांच्या घराण्याचं गेटटुगेदर झालं. आयर्लंडच्या मधोमध रॉसकॉमन काउंटी आहे, तिथल्या स्ट्रोक्सटाऊन गावात आम्ही सगळे तीन दिवस होतो. बॉस्टनहून, टोरंटोहून, लीड्सहून माणसं आलेली, सासूबाई धरून बेचाळीस जण, आणि निम्मे तर एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते. प्रत्येक शाखेला वेगळ्या रंगाची पट्टी छातीवर, मी पण हिरवी लावली, आणि एक म्हातारे काका माझा हात धरून म्हणाले, तू आमचीच की गं. मला एकदम बाबा तुमची आठवण आली.

दुसरा अख्खा दिवस स्ट्रोक्सटाऊन पार्कमध्ये गेला. हा तिथल्या जमीनदारांचा म्हणजे माहोन घराण्याचा वाडा, आणि आपली मंडळी त्यांची कुळं, म्हणजे आमच्यापैकी कुणाचाच पूर्वज त्या पुढच्या दारातून आत गेला नसणार. स्वयंपाकघराला वरून गॅलरी आहे, मालकीणबाई तिथूनच आठवड्याच्या जेवणाची यादी खाली टाकायच्या असं सांगतात. नोकरांची ये-जा दिसू नये म्हणून जमिनीखालून बोगदा. पोरं त्या बोगद्यात आनंदाने ओरडत पळत होती आणि मला काही ते बघवेना, मी बाहेर येऊन उभी राहिले.

1979 मध्ये तो वाडा गावातल्याच जिम कॅलरी नावाच्या एका धंदेवाल्या माणसाने घेतला, त्याला खरं तर गॅरेजसाठी जागा हवी होती. पण आत इस्टेटीचे जुने कागद सापडले, हजारोंनी, आणि त्यात क्लूनाही गावच्या कुळांचा 1846 चा अर्ज होता, की आमची पोरंबाळं डोळ्यांदेखत भुकेने रडताहेत, आता सहन होत नाही. हा कागद वाचल्यावर त्याने तिथे दुष्काळाचं म्युझियमच काढलं, 1994 पासून आहे ते.

दुष्काळ म्हणजे पाऊस नव्हता असं नाही बाबा, इथे पाऊस कधी संपत नाही. 1845 पासून बटाट्यावर रोग पडत गेला आणि गरिबाच्या ताटात बटाट्याशिवाय दुसरं काही नव्हतंच, बाकीचं धान्य आणि जनावरं खंडापायी विकली जायची, बोटीने देशाबाहेरही जायची. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. इथल्या मालकाने, मेजर डेनिस माहोनने, हिशोब काढला की कुळांना वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना काम करवून ठेवायच्या सरकारी घरात, पोसण्यापेक्षा बोटीने कॅनडाला पाठवणं स्वस्त. 1847 मध्ये 1490 माणसं कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली, 165 किलोमीटर, बरोबर मालकाचा माणूस होता, ती खरंच बोटीत चढतात का बघायला. पुढे लिव्हरपूल, मग क्यूबेक, कित्येक तर समुद्रातच गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहोनला गोळी घातली कुणीतरी. आता त्या काठाने जागोजागी लहान मुलांचे ब्राँझचे बूट बसवलेत. आपली धाकटी त्यातल्या एका बुटाशेजारी स्वतःचा पाय ठेवून बघत होती, तेवढ्याच मापाचा होता.

त्या 1490 च्या यादीत सासऱ्यांचं आडनाव आहे, पण ते आपलेच हे सिद्ध होत नाही, गावात त्या आडनावाची घरं पुष्कळ. शिवाय 1922 मध्ये यादवी युद्धात डब्लिनचं रेकॉर्ड ऑफिस जळलं, त्यात जुन्या जनगणनेचे कागद गेले. तरी 1901 आणि 1911 ची जनगणना शिल्लक आहे, फुकटात नेटवर दिसते, आणि चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरंही आहेत. आता आई, खरं जे सांगायचंय ते हे. ह्यांच्या खापरपणजोबांची 1856 ची नोंद सापडली तर त्यात त्यांच्या आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट लिहिलेलं! कॅथलिक चर्चच्या बहुतेक नोंदी तशाच असतात म्हणे. आणि 1911 च्या फॉर्मवर लग्न झालेल्या बाईला किती मुलं झाली, किती जिवंत आहेत याचे रकाने. ह्यांच्या पणजीपुढे लिहिलंय, झाली नऊ, जिवंत सहा. सासूबाईंनी त्या सहावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मला लहानपणचा हेळवी आठवला, बैल घेऊन गावी दारात यायचा आणि आपल्या घराण्याची नावं घडाघडा म्हणायचा, बाबा तुम्ही त्याला पायलीभर ज्वारी द्यायचात. पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, कोण कुठून उठून कुठे गेलं सगळं. त्यात एकाही बाईचं नाव ऐकल्याचं मला आठवत नाही. आणि आई, तुझं तर लग्नात नावसुद्धा बदललं. तुझी ती आजी, जिने तुला वाढवलं, तिला मी फक्त म्हातारी आई म्हणून ओळखते. तिचं माहेर कुठलं, माहेरचं नाव काय, तिची किती लेकरं गेली, हे तुझ्याशिवाय आता कुणाला माहीत आहे?

आणि बाबा, 72 च्या दुष्काळाचं तुम्ही आम्हाला नुसतं मिलोची भाकरी आणि सुकडी एवढंच सांगितलंत. खडी फोडायला घरातलं कोण कोण जात होतं, किती मजुरी मिळायची, बैल कुणाला विकले, ते पण हवंय मला.

रविवारी तुमच्या दुपारी चारला व्हिडिओ कॉल करते, रेकॉर्ड करणार आहे. आधी आई सांगेल, बाबा तुम्ही मध्ये तिला दुरुस्त करू नका. आई, एका दमात नाही आठवलं तर राहू दे, रात्री आठवेल तसं वहीत लिहून ठेव, तुझ्या अक्षरातच हवंय. मावशीला पण विचार.

बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, आजच आणून घ्या.

तुमची लेक