तुझ्या दोघांच्या शाळेविषयी

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही मुलांची नावं शाळेतून काढली, आता गावोगाव फिरत, संग्रहालयं दाखवत तुम्हीच त्यांना शिकवणार, असं काल तू फोनवर सांगितलंस आणि माझ्या तोंडून "आणि मित्रमैत्रिणी?" एवढंच निघालं. तू चिडलीस. किती महिने तुम्ही दोघं यावर विचार करताय, आणि आई अभिनंदन करायचं सोडून पहिलाच प्रश्न हा विचारते! फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

मुलं शिकतील की नाही, ही माझी काळजी नाहीच. जयपूरच्या जंतर मंतरमधली थोरली मला अजून दिसते. सम्राट यंत्राच्या, म्हणजे तिथल्या त्या भल्यामोठ्या सूर्यघड्याळाच्या, सावलीच्या कडेवर तिने बोट टेकवलं आणि मनात आकडे मोजत बसली. विसापर्यंत पोचायच्या आत सावली बोट ओलांडून गेली होती. २७ मीटर उंचीची ती भिंत, तिची सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते, डोळ्यांदेखत. पृथ्वी फिरते हे त्या पोरीने बोटाने अनुभवलं. मग यंत्रावरची वेळ माझ्या घड्याळाशी जुळेना, तेव्हा म्हणाली, "आजी, सूर्य चुकला की घड्याळ?" रेखांश, प्रमाणवेळ, सगळं जावईबापूंनी तिथेच खाली बसून समजावलं. किती सुरेख समजावलं! तुमच्या हातून ही मुलं घडतील, याबद्दल मला शंका नाही.

पण ते कळल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणाला तरी सांगायचं होतं तिला. मला सांगायला लागली आणि मध्येच थांबून म्हणाली, "पण तुम्हाला सगळ्यांना आधीच माहीत आहे." धाकटा तर तेव्हा कडेवर होता. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही बघ.

असो. संग्रहालयांचं मात्र ऐक. एका दिवशी एकच दालन, फार तर दोन. पाटी आधी वाचून दाखवू नकोस; वस्तूकडे बघू दे, काय असेल ते ओळखू दे, मग पाटी. वहीत चित्र काढायला लाव. चित्र काढताना मूर्तीला बोटं किती, दागिना कुठे तुटलाय, हे आपोआप दिसतं. नुसते फोटो काढले की पुढच्या कपाटाकडे पळतात. आणि गणित रोज, प्रवासातसुद्धा. पाढे काही लेण्यांत कोरलेले नसतात. लेखनही रोज हवं, अक्षर बिघडतं नाहीतर, आणि धाकट्याला तर... बघ, लागले मी मास्तरकी करायला. माफ कर. तुला हे माझ्याहून जास्त कळतं.

रोझेटा शिळा दाखवायला न्याल तेव्हा घाई करू नका एवढंच. इ.स.पू. १९६ मधलं एकच फर्मान तीन लिप्यांत कोरलेलं. शिळा १७९९ मध्ये सापडली आणि शाँपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकाला इजिप्तच्या चित्रलिपीची किल्ली सापडायला १८२२ उजाडलं. त्याच्याआधी इंग्लंडच्या थॉमस यंगने त्यातल्या टॉलेमी राजाच्या नावापर्यंत मजल मारलीच होती. दोघं एकमेकांच्या पुढे जायला धडपडत होते. "तुझं चूक आहे" म्हणणारं बरोबरीचं कुणीतरी लागतं गं. पुन्हा तिथेच आले ना मी?

वेरूळला गेलो होतो ते तुला आठवतं? कैलास वरून खाली कोरत आणलंय असं बाबा सांगत होते, आणि तू विचारलंस, "मग मधला दगड कुठे गेला?" बाबांना उत्तर देता आलं नाही. मला इतका अभिमान वाटला होता, अजून वाटतो. पण मला त्याहून आठवतो तो परतीचा प्रवास. तू आणि मावशीची धाकटी, दोघी त्या दगडावरून भांडत होतात. ती म्हणे नदीत टाकला, तू म्हणे त्याचीच घरं बांधली असतील. घरी पोचेपर्यंत थांबला नाहीत. आम्हा मोठ्यांपैकी कुणी तुझ्याशी इतका वेळ भांडलं नसतं. "शहाणी पोर" म्हणून मोकळे झालो असतो.

म्हणून मला वाटतं, दर आठवड्याला गाव बदलू नका. एकेका ठिकाणी महिना-दीड महिना राहा, तिथल्या मुलांशी ओळख होऊन भांडण व्हायला तेवढा वेळ लागतोच. बऱ्याच संग्रहालयांत मुलांसाठी कार्यशाळा असतात, त्यांत घाला. घरी शिकणारी इतर मुलं त्या गावात असतील तर आधीच विचारून ठेवा. आणि सुट्टीत वहिनींच्या नातवाला थोडे दिवस तुमच्यासोबत धाडायचं का? थोरलीचं आणि त्याचं एका मिनिटात वाजतं, म्हणूनच म्हणते. वहिनींना अजून विचारलेलं नाही. तू हो म्हणालीस तर बोलते.

बाबांची दुर्बीण काढून ठेवलीय, येताना घेऊन जा. धाकट्याचा कान एकदा डॉक्टरांना दाखवून मगच निघा. तारीख ठरली की कळव.

तुझी,
आई