गाडी धडधाकट, पण सुटे भाग कुठे?

माननीय संपादक,

महोदय,

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना मालकाकडून पाच हजार रुपये शुल्क घेतले जाते, आरटीओत गाडीची तपासणी होते आणि ती उत्तीर्ण झाली की आणखी पाच वर्षे ती चालवण्याची मुभा मिळते. म्हणजे नीट राखलेली गाडी वीस वर्षे वापरण्यास सरकारची हरकत नाही. मात्र त्या वीस वर्षांत तिचे सुटे भाग मिळतील की नाही, याचा एक शब्दही मला माझ्या खरेदीच्या कागदपत्रांत आढळला नाही.

आमची मोठी सेडान २०१० ची आहे आणि तिचे २ लाख ३१ हजार किलोमीटर झाले आहेत. आईचे गुडघे दुखत असल्याने उंच गाडीत चढणे तिला जमत नव्हते, पाच माणसे ऐसपैस बसावीत आणि डिकीत बॅगांबरोबर दादर ज्वारीचे एखादे पोतेही मावावे, एवढ्याच हिशेबाने ती घेतली होती. दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलत आलो आणि आजवर इंजिन एकदाही खोलावे लागले नाही. बॅटरी मात्र आपल्याकडच्या उन्हात तीन वर्षांपलीकडे टिकत नाही. तो दोष गाडीचा मानता येत नाही.

गेल्या मे महिन्यात चाळीसगाव सोडून कन्नड घाट चढताना तापमानाचा काटा अचानक वर गेला. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडले, तर इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर पडली होती आणि तिच्यातून हिरवट कूलंट फसफसत बाहेर येत होते. इंजिन थंड होईपर्यंत पाऊण तास थांबलो, जवळचे बोअरचे पाणी भरले आणि गाडी माघारी चाळीसगावात आणली. तिथल्या मेस्तरींनी टोपणाच्या आत साचलेला पांढरा क्षार बोटाने खरवडून दाखवला आणि म्हणाले, "इंजिन बेस शे भाऊ, पन आते बोरनं पानी टाकू नका." आपल्या भागातील जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. वर्षानुवर्षे मी पाणी असेच भरत आलो होतो, तेव्हा त्या बिघाडात माझाही वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे.

खरी अडचण पुढे आली. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सांगण्यात आले की मॉडेल बंद झाले आहे, रेडिएटरची ऑर्डर नोंदवून ठेवतो, पण केव्हा येईल ते सांगता येणार नाही. सत्तेचाळीस दिवस वाट पाहून शेवटी धुळ्याच्या एका कारागिराकडून दुसऱ्या गाडीचा रेडिएटर बसवून घेतला आणि त्यासाठी खालची पट्टी कापून बसवावी लागली.

ही अडचण माझ्या एकट्याची राहणार नाही. कोरोला ऑल्टिस आणि सिव्हिक या सेडान गाड्यांची आपल्याकडील विक्री २०२० मध्ये थांबली, ऑक्टाव्हिया २०२३ मध्ये आणि सियाझ २०२५ मध्ये बंद झाली. ग्राहक उंच गाड्यांकडे वळल्याने सेडानची ही गळती समजण्यासारखी आहे. पण या गाड्या अजून हजारो घरांच्या दारात उभ्या आहेत. त्यात वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे काही जुन्या वाहनांतील रबरी भाग आणि गॅस्केट वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे सरकारनेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले आहे. ते बदलायचे तर आधी मिळायला हवेत.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने जे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. परंतु पोर्टलवर माहिती देणे आणि भाग पुरवण्याचे वर्षांत मोजलेले बंधन असणे यांत फरक आहे. नोंदणीची पहिली मुदत पंधरा वर्षांची असेल, तर मॉडेल बंद झाल्यावरही शेवटची गाडी विकल्यापासून किमान तेवढी वर्षे रेडिएटर, ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे भाग पुरवले जातील, असे खरेदीच्या बिलावरच लेखी यावे आणि ते न पाळल्यास ग्राहकाला जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता यावी, अशी माझी मागणी आहे. वीस वर्षांवरील मोटारींसाठी नूतनीकरणाचे शुल्क आता दहा हजार करण्यात आले आहे. एवढी रक्कम घेताना हा प्रश्न परिवहन मंत्रालयाने विचारात घ्यायला हवा होता.

रेडिएटरच्या ऑर्डरची पावती अजून माझ्या गाडीच्या कप्प्यात आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
अमळनेर, जि. जळगाव